सर्वांत कमी दराची किंमत

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे खानदेशातले जुने तीर्थ. केदारेश्वराच्या दर्शनाला येणारी माणसे त्याला दक्षिण काशी म्हणतात. आणि खऱ्या काशीला जाऊन आलेल्याने प्रकाशाला येऊन गेल्याखेरीज त्या यात्रेचे फळ पुरते पदरात पडत नाही, अशी या भागातली श्रद्धा आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी येथले टेकाड खणून पाहिले, तेव्हा ताम्रपाषाणकाळापासून पुढच्या चार कालखंडांचे थर एकावर एक रचलेले सापडले. म्हणजे माणूस येथे नांदतो आहे, देवघेव करतो आहे, त्याला हजारो वर्षे झाली.

अशा गावावर लिहावयाचे तर देवळांवर आणि घाटांवर लिहावे, असे कोणीही म्हणेल. पण घाटाच्या पायरीवर उभे राहून जरा नजर फिरवा. तापीला अडवणारा तो बंधारा, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचा तो पूल, गावातली जिल्हा परिषदेची शाळा, तीतली बाके, मुलांच्या अंगावरचा गणवेश, अंगणवाडीतल्या पोराच्या हातातला खाऊ: यांतली प्रत्येक वस्तू येथवर कशी आली, असे विचारले तर उत्तर एकच येते. कोणीतरी निविदा काढली, कोणीतरी ती भरली आणि कोणालातरी ती मिळाली. देवळे राजांनी आणि सरदारांनी बांधली असतील. आजचे गाव निविदेने बांधले आहे. आणि ही निविदा काढण्याचे नियम गेल्या दहा वर्षांत इतके बदलले आहेत, की पुण्या-मुंबईच्या कारखानदारापासून शहाद्याच्या सुतारापर्यंत सर्वांचे गणित त्यामुळे फिरले आहे. आपल्या खिशातून गेलेल्या कराचे पुढे काय होते, हे ज्याला कळावेसे वाटते, त्यानेही या रुक्ष विषयाकडे एकदा डोकावून पाहण्यासारखे आहे.

शब्दांची साक्ष

मराठीच्या अध्यापकाला अशा वेळी आधी शब्द आठवतात, आणि या विषयात शब्दच मोठे बोलके आहेत. 'मक्ता' हा अरबीतून आलेला, 'बयाणा' फारसीमार्गे आलेला. 'लिलाव' आणि 'कंत्राट' पोर्तुगिजांकडून मिळालेले. 'निविदा' मात्र संस्कृत आहे. 'कळवणे, सादर करणे' या अर्थाच्या ज्या धातूपासून ती निघाली, त्याच कुळातले 'निवेदन' आणि त्याच कुळातला 'नैवेद्य'. आता निविदेबरोबर नैवेद्यही दाखवावा लागतो अशी जी लोकांची समजूत आहे, तिला व्युत्पत्तीचाही आधार आहे, हे कंत्राटदारांना ठाऊक नसेल!

पण या सर्वांत शहाणा शब्द 'मक्तेदारी'. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेवर घेतलेले काम किंवा वसुली. मक्ता घेणारा तो मक्तेदार. आणि आज मक्तेदारी म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दुसऱ्या कोणालाही आत येऊ न देणारी सत्ता! अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता मराठी माणसाने अनुभवाने नोंदवून ठेवले, की सरकारी काम एकदा एकाच्या हाती गेले की इतरांसाठी दार लागते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. जो सर्वांत जास्त रक्कम कबूल करील त्याला परगणा, मग ती रक्कम त्याने रयतेकडून वाटेल तशी वसूल करावी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आहेत. आज चाल उलटी आहे. जो सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याला काम! दिसायला हे किती काटकसरीचे! पण जास्त बोली लावणारा आपली खोट रयतेकडून भरून काढी, तसा कमी बोली लावणारा ती सिमेंटमधून भरून काढणार नाही कशावरून? दर कितीही खाली आला तरी त्याची पुरी किंमत कोणीतरी मोजतोच. ती कोणाला मोजावी लागते, हे पाहणे म्हणजेच खरेदीचे नियम पाहणे.

लिफाफा गेला, पडदा आला

जुन्या बाजारांत 'हत्ता' पद्धत असे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपलाच माल काय भावाने गेला ते कळत नसे. सरकारी निविदेचा मोहोरबंद लिफाफा हा त्या रुमालावरचा उपाय होता. सर्वांनी आपापला दर बंद करून द्यावा आणि तो सर्वांसमक्ष एकाच वेळी उघडावा. कल्पना उत्तम, पण लिफाफा टाकावयाला कचेरीच्या दारापर्यंत जावे लागते, आणि त्या दारात उभे असलेले लोक कधीकधी लिफाफा आत जाऊ देत नसत. कंत्राटदार आपसांत ठरवून आळीपाळीने कामे वाटून घेत, त्याला त्यांच्या भाषेत 'रिंग करणे' म्हणतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने असे संगनमत बेकायदा ठरवले आहे.

आता लिफाफा संगणकावर आला. ठरावीक रकमेच्या वरची निविदा राज्याच्या 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर निघते, डिजिटल स्वाक्षरीने भरली जाते, तांत्रिक भाग आधी आणि दर नंतर उघडतो. केंद्र सरकारने ९ ऑगस्ट २०१६ रोजी 'जेम' हा सरकारी बाजार संगणकावर उघडला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने तो स्वीकारला. दरम्यान १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली.

तिच्या आधी दरकराराची पद्धत चालत असे. वरच्या पातळीवर एकदा दर आणि पुरवठादार ठरले, की खालच्या कचेऱ्यांनी त्याच दराने त्याच्याकडून माल उचलावयाचा. सोय मोठी होती; पण नव्या माणसाला शिरकाव कोठून मिळणार? २०१५ साली अंगणवाडीच्या चिक्कीपासून सुरू झालेला खरेदीचा वाद वाचकांना आठवत असेल. त्यातल्या आरोपांच्या खरेखोटेपणात येथे शिरावयाचे नाही. पण शेंगदाणे आणि गूळ यांच्या वडीने विधिमंडळ गाजवले, आणि निविदेवाचून दरकराराने किती खरेदी व्हावी हा प्रश्न घराघरांत पोचवला, एवढे खरे.

एका सुताराचे गणित

या बदलांचा अर्थ समजावा म्हणून एक कल्पित माणूस घेऊ. शहाद्याला एक सुतार आहे. दोन माणसे हाताखाली, एक रंधायंत्र, घरामागे पत्र्याची शेड. त्याला सरकारला बाके विकावयाची आहेत. पूर्वी त्याच्या लेखी सरकार म्हणजे मुंबई. आज तो घरबसल्या उद्यम नोंदणी करू शकतो, तिला पैसा पडत नाही. जेमवर आपला माल मांडू शकतो; ऑगस्ट २०२४ पासून १० लाखांपर्यंतच्या मागणीवर त्याला व्यवहारशुल्कही द्यावे लागत नाही.

नंदुरबार हे सुरत-भुसावळ मार्गावरचे स्थानक. रेल्वेला बाके हवी असतील तर केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण या सुताराच्या बाजूने उभे राहते. केंद्रीय खात्यांनी आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी निदान २० टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असे ते प्रथम सांगत होते; १ एप्रिल २०१९ पासून हे प्रमाण २५ टक्के झाले. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के स्त्रियांसाठी. बयाण्याची रक्कम माफ, निविदेचे अर्ज मोफत. शिवाय मोठ्या कारखान्याचा सर्वांत कमी दर १०० रुपये असेल आणि सुताराचा ११५ रुपयांच्या आत असेल, तर त्याने १०० वर यावयाची तयारी दाखवताच त्यालाही मागणीतला वाटा मिळतो. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात ही तरतूद लहान नव्हे.

पण नियमाच्या कागदाला मागची बाजूही असते. पहिली गोष्ट, हे धोरण केंद्राचे. जिल्हा परिषद राज्याच्या नियमांनी चालते. गावाच्या शाळेत बाके द्यावयाची तर पोथी दुसरी. दुसरी गोष्ट, ही सवलत जो माल बनवतो किंवा सेवा देतो त्याची आहे. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळू लागली. परंतु ती बँकेच्या कर्जापुरती. दुसऱ्याची बाके आणून विकणारा दुकानदार नोंदणीचा कागद फडकावीत गेला, तर त्याला रिकाम्या हाताने परत यावे लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची व्याख्या रुंदावली. १०० कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योगही आता 'लघु' आहे. म्हणजे २५ टक्क्यांच्या त्या ताटावर पत्र्याच्या शेडमधला सुतार आणि १०० कोटींचा कारखानदार मांडीला मांडी लावून बसणार. पंगत एकच, पण वाढपी कोणाकडे आधी वळेल?

आणि याउपर अटी असतात. गेल्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा, असाच पुरवठा पूर्वी केल्याचा दाखला आणा, अमुक क्षमतेची यंत्रे आहेत असे सिद्ध करा. पोहता येत नसेल त्याने पाण्यात उतरू नये आणि पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, अशी त्यातली गत! तथापि अटी नकोत असेही म्हणता येत नाही. तापीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे बसवण्याचे काम अनुभवाखेरीज कोणाला द्यावे? पुराच्या पाण्याला उमेदवारी कळत नाही. अट कामाला शोभणारी हवी. बंधाऱ्याला जो उंबरठा शोभतो तो बाकाला लावला, की सुतार बाहेरच राहतो.

अट लिहिणारा हात

निविदेचा निकाल दर उघडण्याच्या दिवशी लागतो, असे आपण समजतो. पुष्कळ वेळा तो अटी लिहिल्या गेल्या त्याच दिवशी लागलेला असतो. न्यायालयांनाही हे कळून चुकले आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरच्या उपाहारगृहासाठी निविदा निघाली होती. नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा आणि पाच वर्षांच्या अनुभवाचा हॉटेलचालक हवा, असे तिच्यात म्हटले होते. काम गेले ते ही अट पुरी न करणाऱ्याकडे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते; ती शिथिल होणार हे आधी कळले असते तर आणखी कितीजणांनी निविदा भरली असती! गंमत अशी, की तक्रार उशिरा आली म्हणून ते कंत्राट मात्र रद्द झाले नाही. तत्त्व जिंकले आणि तक्रारदार हरला.

त्याहून जवळचे उदाहरण अंगणवाडीच्या आहाराचे. कुपोषणाचा प्रश्न निघाला की सातपुड्याच्या कुशीतल्या धडगाव-अक्कलकुव्याचे नाव महाराष्ट्राला आठवते, म्हणून ते आपल्या अधिकच जवळचे. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता, की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत. गावातले गट, बचत गट, महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे. हेतू स्पष्ट होता. आपल्याच पोराच्या तोंडात जाणारा घास आई निसून-पाखडून शिजवील. पुढे २०१६ साली राज्याने घरपोच आहारासाठी निविदा काढली. नाव महिला संस्थांचे आणि बचत गटांचेच होते. पण कामाचे गट एवढे मोठे आणि उलाढालीच्या अटी अशा, की चूल पेटवून बसलेल्या गावच्या बायांना त्या पेलू नयेत. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा आणि तीवर दिलेली कंत्राटे रद्द केली व नव्याने निविदा काढण्यास सांगितले. बचत गटांना दारातून हाकलले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दार फक्त उंच केले होते.

गणवेशाची कहाणी

गेल्या एक-दोन वर्षांतली गणवेशाची कहाणी तर ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी मुद्दाम वाचावी. सरकारी शाळांतल्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. पूर्वी त्याचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. समिती गावातून किंवा तालुक्याहून कापड घेई, शिंपी मापे घेई. दर थोडा इकडेतिकडे होत असेल, कापडही गावोगाव निराळे असेल. २०२४-२५ साठी 'एक राज्य, एक गणवेश' असे ठरले. कापड राज्यपातळीवर एकाच निविदेने घ्यावे आणि एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांतल्या बायांकडून करून घ्यावी. एकगठ्ठा खरेदीने दर खाली येणार, शिवाय बायांना काम मिळणार. कागदावर याहून गोड योजना ती कोणती?

पण शाळा जूनमध्ये उघडल्या आणि कित्येक ठिकाणी गणवेश काही महिने आलेच नाहीत. आले ते कोणाला आखूड, कोणाला ढगळ. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईचा यात दोष तो काय? मूल एका गावी, कापड दुसऱ्या गावी आणि माप तिसऱ्याच कागदावर! अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. कापडाचा दर कमी करण्याच्या भरात गणवेशाचा मूळ हेतूच मागे पडला. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराच्या अंगात धड सदरा असावा, यासाठी तर तो असतो!

आश्रमशाळांच्या बाबतीत सरकारने याच्या उलट टोकाचा प्रयोग केला. आदिवासी विकास विभागाच्या जुन्या खरेदीविषयी एवढ्या तक्रारी होत्या, की उच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या समितीने २००४ ते २००९ या काळातल्या योजनांची चौकशी केली. २०१६ च्या अखेरीस वस्तूंऐवजी थेट बँकेत पैसे देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले, आणि तेल, साबण, वह्या, कपडे यांचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात जाऊ लागले. निविदाच उरली नाही! मोठ्या पुरवठादाराचे गिऱ्हाईक गेले आणि आठवडे बाजारातल्या दुकानदाराचे आले. पण यालाही मर्यादा आहेच. पैसा उशिरा आला तर थंडी थांबत नाही. आणि बँक जिथे दूर, तिथे स्वेटरपेक्षा एस. टी.चे भाडे महाग पडते.

देयकाची वाट

काम मिळाले, केले, मोजमाप पुस्तिकेत नोंदही झाली. मग राहतो तो सर्वांत अवघड भाग: पैसे हाती पडण्याचा. ज्याच्या गाठीला भांडवल आहे तो थांबू शकतो. शहाद्याच्या सुताराने लाकूड उधारीवर आणलेले असते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी खातीही त्यातून सुटलेली नाहीत. दाद मागावयास राज्यात सुकरता परिषदा आहेत. पण ज्याच्याकडून पुढचे काम मिळवावयाचे त्याच्याविरुद्ध व्याजाचा दावा लावणारा सुतार कोठे सापडतो? विहिरीशी वैर धरून पाणी भरता येत नाही.

२०२५ च्या जुलैत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. तो जलजीवन मिशनच्या नळयोजनेचे काम करीत होता. देयके थकल्यामुळे हे घडले, असे कंत्राटदारांच्या संघटनांनी म्हटले. त्याच्या नावावर थेट कंत्राट नव्हते, तो उपकंत्राटदार होता, असे सरकारकडून सांगण्यात आले. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत किती माणसे उभी आहेत, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो. मोठ्याने काम घ्यावे, धाकट्याने ते करावे. आणि नियमाच्या वहीत धाकट्याचे नावच नसावे!

केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. एक, जेथे गुणवत्तेला महत्त्व आहे तेथे नुसता दर न पाहता गुणवत्तेलाही गुण द्यावेत. दुसरी, चालू कामाच्या देयकाची निदान ७५ टक्के रक्कम दहा कामाच्या दिवसांत द्यावी. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही अंदाजपत्रकाच्या फार 'बिलो' जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याचा नियम केला आहे. सर्वांत कमी दर हा नेहमी सर्वांत स्वस्त नसतो, ही गोष्ट बाजारात भाजी घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. सरकारला ती नियमात लिहावी लागली, एवढाच फरक.

मग नियम कसा ओळखावा? आमच्या मते त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. त्याची अट कामाच्या मापाची आहे काय? तो दराबरोबर माल हातात घेऊन पाहतो काय? आणि काम झाल्यावर तो वेळेवर पैसे देतो काय? संगणकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सोपे केले. लिफाफा अडवणारे हात दूर झाले, ही लहान गोष्ट नाही. पण अट लिहिणारा हात आणि देयकावर सही करणारा हात अजून माणसाचाच आहे, आणि यंत्र कितीही चोख असले तरी त्या हाताला घाई करावयास लावत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही उघडतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो आणि जुन्या वहीतली येणी नव्या पानावर ओढतो. त्या येण्यांत शेजाऱ्याचे नाव असले तर त्याला फारसे वाटत नाही. दिवाळीचा फराळ द्यायला जाताना तो हळूच आठवण करील. सरकारच्या दारी फराळाचे ताट नेता येत नाही. त्या ओळीसमोरचा आकडा वेळेवर पुसला जावा, एवढी व्यवस्था ज्या नियमांनी होईल, ते नियम चांगले. मग तापीकाठच्या शाळेतले बाकही चार वर्षे जास्त टिकेल, आणि ते शहाद्याच्या सुताराने केलेलेही असेल.